बाई, तुमच्या अंगात मीठ का साठत होतं

बाई,

गेल्या दिवाळीनंतर मी तुमच्या मुलाची लघवी तपासायला लावली. पत्राची सुरुवात अशी कोणी करत नाही, हे मला कळतं. पण आठवीत तुम्ही हाच शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता. मागच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसायला लागली, तेव्हा खडू खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "हसून घ्या. हसून झालं की मला सांगा, दोन दिवस झालीच नाही तर माणसाचं काय होईल?" म्हणून तुमच्याशी आडवळणानं बोलायची मला सवयच नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मी आता नागपूरला असते. सकाळी मूत्रपिंडाचे पेशंट पाहते आणि दुपारनंतर वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत बसते. तिथं आमचं काम चालतं ते मूत्रपिंडातल्या डोपामिनवर. तुम्ही लगेच भुवया उंचावल्या असतील. डोपामिन तर मेंदूत असतं, मूत्रपिंडात कुठून आलं? सांगते. पण त्याआधी ती बोकडाची गोष्ट मला सांगू द्या, कारण माझ्यापुरती सगळी सुरुवात तिथूनच आहे.

अमडापूरच्या बाजाराचा दिवस. तुम्ही वर्गात येता त्या हातात स्टीलचा डबा घेऊन. आम्हाला वाटतं, आज काहीतरी खायला आहे. तुम्ही झाकण काढता आणि आत बोकडाचे दोन गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, ताजे, ओले, चकचकीत. तुमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद असतो हे साऱ्या गावाला माहीत. तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरता, ब्लेड हातात घेता आणि तो हात तसाच हवेत थांबतो. मी पहिल्या बाकावर. आमचं शेतकऱ्याचं घर, मटण कापलेलं मी लहानपणापासून पाहिलेलं. मी उभी राहून म्हणते, "बाई, मी कापू का? मले येते."

"बस खाली. शिकवणारी मी आहे."

मग तुम्ही कापता. उभा काप, मधोमध, एखादी शेंग उघडावी तसा. आतला पिवळसर पांढरा भाग दिसतो आणि उग्र वास वर्गभर पसरतो. तुम्ही म्हणता, "हा बाहेरचा गडद भाग, इथं रक्त गाळलं जातं, आणि हा..." एवढं बोलून तुम्ही दाराबाहेर जाता. निंबाच्या झाडामागून उलटीचा आवाज आम्हाला ऐकू येतो. कोणी हसत नाही. हापशावर तोंड धुऊन, पदरानं पुसत तुम्ही परत येता, डोळे लाल झालेले, आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलता: "...आणि हा आतला. यात केसाहून बारीक नळ्या असतात. गाळलेलं सगळं पाणी या नळ्यांतून जातं, आणि कामाचं काय, टाकायचं काय, हे या नळ्या ठरवतात." मग दुसरा गुर्दा माझ्याकडे सरकवून म्हणता, "हा तू काप. उभा. आडवा कापलास तर काही दिसणार नाही."

त्या नळ्या मी आजही बघते बाई. आता सूक्ष्मदर्शकाखाली.

पुढे दोन पालकांनी तक्रार केली होती, शाळेत मांस आणलं म्हणून. हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही हृदयाचा धडा फळ्यावरच्या आकृतीवरून शिकवला आणि शिकवताना सारखं खिडकीबाहेर पाहत होतात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता वाटतं, तुम्हाला त्याच शाळेत अजून कितीतरी वर्षं काढायची होती.

दहावीच्या वर्षी संध्याकाळी मी तुमच्या घरी यायला लागले. तुमचे मिस्टर तहसील कचेरीतून आले की पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत बसायचे. तुमचा मुलगा तेव्हा पहिली-दुसरीत असेल. मी स्वयंपाकघरात पाटावर वही घेऊन बसायची आणि तुम्ही भाकरी थापता थापता माझी गणितं तपासायचा. शाळेत पुस्तकातलं बोलणाऱ्या बाई चुलीपुढं आमच्यासारखंच बोलायच्या, हे मला फार आवडायचं. "काऊन थांबली? पुढची पायरी लिही." आणि तुमचं ते मीठ! पेरूवर मीठ, ताकात मीठ, काकडीवर मीठ, तोंडी लावायला मिरचीचा ठेचा, त्याच्याही कडेला मिठाची चिमूट. मी एकदा म्हटलं, "बाई, किती मीठ खाता!" तर तुम्ही म्हणालात, "खाऊ दे बाई. नको असलं तर माह्यं मूत्रपिंड फेकून देईल. ते कशाले बसोलं देवानं?"

मेडिकलला नंबर लागला तेव्हा तुम्ही मला एप्रन शिवून दिलात. मांजरपाटाचा, जाड, बाह्या माझ्या बोटांच्याही खाली जाणाऱ्या. "वाढत्या अंगाचा शिवला," म्हणालात. अठराव्या वर्षी कोणाचं अंग वाढतं? पण मी दोन घड्या घालून पहिलं अख्खं वर्ष तोच वापरला. धुऊन धुऊन तो मऊ झाला तेव्हा कुठं अंगाला बरा लागायला लागला.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसून भाजी निवडत होतात. तुम्ही कधी खुर्चीवर बसत नव्हता. तुमचे पाय सुजलेले. मी खाली बसून नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. साखर तुम्हाला आठ-दहा वर्षांपासून होती, ते मला माहीत होतं. गोळ्या घेत होतात, दर काही महिन्यांनी खामगावला जाऊन रक्तातली साखर तपासत होतात. लघवीतून प्रथिनं जातात का, हे तेव्हा कोणी तपासलंच नव्हतं. तुमचं ताट मी पाहिलं. अळणी वरण, अळणी भाजी. शेजारी ठेचा नाही.

तुम्ही मला विचारलं, "मले एक सांग. मी तुम्हाले शिकवलं, नको ते मूत्रपिंड बाहेर टाकते. मग माह्या अंगात मीठ काऊन साठून राह्यलं?"

मी दोन वर्षांच्या शिक्षणाच्या ऐटीत म्हणाले, "बाई, डायबेटिसमुळे किडनीवर परिणाम होतो ना, म्हणून."

तुम्ही हातातली मेथीची काडी खाली ठेवली आणि एकदम शाळेतल्या बाई झालात. "हे उत्तर नाही. हा माझाच प्रश्न तू मला उलटा करून दिलास. परिणाम होतो म्हणजे काय होतं? कोणत्या जागी होतं? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही. पण असं बोलू नये."

मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

"हाव. मग आता चहा ठेव," तुम्ही म्हणालात आणि मेथी पुन्हा हातात घेतलीत.

त्यानंतरची वर्षं मी इथं फार लिहीत नाही. ती तुम्हीच काढली आहेत, तुम्हाला कोणी सांगायला नको. अकोल्याचं डायलिसिस, पहाटेची एसटी, परत येताना तुम्हाला लागणारी झोप. शेवटी छातीत कफ झाला, रक्तदाब उतरत गेला आणि त्यांनी तुमच्या हाताला एक सलाईन लावलं. मी तोवर डॉक्टर झाले होते. तुम्ही मान वळवून बाटलीकडे पाहिलंत आणि अगदी बारीक आवाजात विचारलंत, "यात काय आहे?" मी सांगितलं, डोपामिन. रक्तदाब वर आणायला देतात. पूर्वी मूत्रपिंड वाचवायला म्हणूनही थोडं थोडं देत असत, पण तसा उपयोग होत नाही असं पुढं दिसून आलं. "मूत्रपिंडाचा आणि याचा काय संबंध?" तुम्ही विचारलंत. मी सांगायला लागले, तोवर तुम्हाला गुंगी आली होती.

तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगते. मूत्रपिंडाच्या त्या बारीक नळ्यांचा सुरुवातीचा जो भाग आहे, तिथल्या पेशी स्वतःच डोपामिन तयार करतात. मेंदूतून येत नाही ते. रक्तातून गाळून आलेला कच्चा माल त्या आत घेतात, त्याचं डोपामिन करतात आणि बाहेर सोडतात. मग तेच डोपामिन त्याच पेशींच्या आणि शेजारणींच्या अंगावर जाऊन बसतं. तिथं त्याला बसायला ठरलेल्या जागा असतात. ते बसलं की पेशीच्या आत निरोप जातो आणि मीठ परत ओढून घेणारे पंप मंदावतात. आपण खारट जास्त खाल्लं की निरोगी मूत्रपिंड जास्त डोपामिन बनवतं, पंप हळू चालतात आणि जादा मीठ लघवीवाटे निघून जातं. म्हणजे पेरूवर मीठ टाकताना तुम्ही जे म्हणाला होतात, ते खरंच होतं. बरीच वर्षं तुमचं मूत्रपिंड ते फेकून देत होतं.

मग साखर येते. पहिली काही वर्षं बाहेरून काहीच कळत नाही. मूत्रपिंडासाठीच्या रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या चांगल्या येतात. उलट मूत्रपिंड नेहमीपेक्षा जास्तच गाळत असतं. पण नळ्यांमधला हा निरोप त्याच काळात बिघडायला लागतो. काही ठिकाणी डोपामिनच कमी बनतं. काही ठिकाणी ते पुरेसं असतं, पण बसायच्या जागा पेशीच्या पृष्ठभागावरून कमी झालेल्या असतात, किंवा डोपामिन बसलं तरी निरोप आत पोचत नाही. पंप चालूच राहतात. मीठ राहतं, त्यामागं पाणी राहतं, रक्तदाब चढतो, गाळण्यांवर ताण येतो आणि रक्तात राहायला हवं ते प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. मीठ साठायची कारणं आणखीही आहेत, पण हे एक आहे, आणि ते फार लवकर सुरू होतं.

प्रयोगशाळेत हे मी पहिल्यांदा स्वतः पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. उंदराच्या नळ्यांतल्या पेशी, दोन डिशमध्ये. एक साधी, दुसरी बरेच दिवस जास्त साखरेत ठेवलेली. दोन्हींत सारखंच डोपामिन घातलं. पहिलीतले पंप मंदावले. दुसरीतले तसेच चालू. मी सगळं पुन्हा केलं, डोपामिन नवं घेतलं, पुन्हा तेच. कागदावर ही गोष्ट मी कितीदा तरी वाचली होती, दुसऱ्यांनी माझ्या आधी दाखवली होती. पण त्या दिवशी मी हातमोजे काढून खुर्चीत बसले आणि मला तुमची नडगी आठवली, बोटाचा तो खड्डा, जो भरून येत नव्हता. सोबतचा विद्यार्थी विचारत होता, मॅडम, काही चुकलं का? मी म्हटलं, नाही रे, बरोबर आलंय.

तुम्ही विचाराल, मग औषध निघालं का? नाही बाई. माझ्या कामातून औषध निघालेलं नाही. उंदरांमध्ये मूत्रपिंडातलं डोपामिन टिकवून धरलं तर इजा कमी होते असं दिसतं. माणसात तसं करता येईल का, आणि हे बिघडलेलं डोपामिन रोगाचं कारण आहे की रोगाचाच एक भाग, हे अजून नीट सुटलेलं नाही. पण लवकर काय होतं ते कळल्यामुळे लवकर बघायची सवय मला लागली. आणि त्या सवयीनंच तुमच्या मुलाच्या दुकानात मी नको तेवढे प्रश्न विचारले.

त्याचं चिखलीला कृषी केंद्र आहे. पोट थोडं सुटलंय, हसणं मात्र तुमचंच. दिवाळीला गावी आले होते, म्हणून भेटायला गेले. बियाण्यांच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून त्यानं मला बसवलं, चहा मागवला आणि बोलता बोलता सांगितलं की त्याला सहा वर्षांपासून शुगर आहे.

"मूत्रपिंडाची तपासणी केली?"

"क्रिएटिनिन नॉर्मल हाये ताई. रिपोर्ट घरी हाये."

"ते उशिरा वाढते. लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं का?"

त्यानं गिऱ्हाइकाला फवारणीचं औषध काढून दिलं, उगाच दोन डबे इकडचे तिकडे केले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले काहीच त्रास नाही. काऊन तपासू?"

"त्रास नाही म्हणूनच."

"ताई, तू सुट्ट्यांत यायची. मी रोज होतो घरी." त्याचा आवाज एकदम खाली आला. "आईच्या हाताची ती जागा, जिथं सुया टोचत, ती मी रात्रंदिवस पाह्यली. दहावीचा अभ्यास मी त्या दवाखान्याच्या बाकड्यावर केला. माह्या नशिबात तेच असन तर मले आजच माहीत करून घ्यायचं नाही. जवा होईन तवा पाहू."

बाई, मी रोज असं कितीतरी लोकांना समजावते. तोंडपाठ झालेली वाक्यं आहेत माझी. त्यातलं एकही मी तिथं म्हटलं नाही. बाहेर ट्रॅक्टर उभा राहिला, हमाल पोती उतरवायला लागले आणि आम्ही दोघं गार झालेला चहा हातात धरून बसलो. मग मी म्हटलं, "तुह्या एवढी असताना आईचंही असंच सुरू झालं असन. बाहेरून काही नाही, आत सुरू. तेव्हा तिच्याजवळ ते थांबवायले वर्षं होती. ती आहेत, हे मात्र कोणाले दिसलं नाही. ना डॉक्टरले, ना तिले. तू म्हणतो तेच होईन असं नाही रे. लवकर कळलं तर थांबवता येते, नाही तर पुष्कळ लांबवता येते. आईले ते कोणी म्हणायला नव्हतं."

शर्टाच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले आणि हमालांवर उगाच ओरडला, "अबे, हळू टाका ना पोतं!" मग मला म्हणाला, "सकाळची लागते का? का कधीची पण चालते?"

"सकाळची पहिली."

"बरं."

रिपोर्ट आला. अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रथिन, जात होतं. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर दिसणार नाही इतकं, पण जायला नको ते. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. फोनवर त्याला सांगताना मी तुमच्यासारखं सरळ बोलले, आणि तो "हाव, हाव" करत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे सुरू झालं." मी म्हटलं, "हो. आणि आपल्याले कळलं." त्याला रक्तदाबाची एक गोळी सुरू केली, जी मूत्रपिंडाच्या गाळण्यांवरचा ताण कमी करते, आणि आणखी एक नवी गोळी, जी त्याच नळ्यांमधून, आमच्या डोपामिनच्याच शेजारून, साखर आणि थोडं मीठ लघवीत सोडते. तुमच्या वेळी ती नव्हती. तो सकाळी चालायला जातो आता. लोणचं बंद केलंय. त्यावरून तुमच्या सूनबाईशी भांडणं होतात, असं ती मला हसत हसत सांगते. परवा त्याचा नवा रिपोर्ट आला. बरंच खाली आलंय बाई. पूर्ण नाही, पण बरंच. त्यानं रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, पास झालो का?" मी फोन हातात घेऊन ओपीडीच्या जिन्यात उभी राहिले. खाली पेशंटांची रांग होती आणि मला काही वेळ खाली उतरता येईना.

त्याच संध्याकाळी हे लिहायला बसले. पाठवायचं कुठं हा प्रश्न नाहीच, कागद माझ्याजवळच राहील. एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, तुमच्या मुलालाही नाही. अकोल्याला तुम्हाला शेवटचं दाखल केलं तेव्हा तुमचे मिस्टर खाली औषधं आणायला गेले होते. सिस्टरनं कागद भरताना मला विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? विद्यार्थिनी म्हणायला मी तोंड उघडलं आणि "मुलगी" म्हणाले. तुमचे डोळे मिटलेले होते. पण माझ्या हातातला तुमचा हात थोडा हलला, असं मला वाटलं. तो खरंच हलला की मलाच तसं हवं होतं, हे तपासायला माझ्याकडे कुठलीच पद्धत नाही. तरी इतकी वर्षं मी ते खरं धरून चालले आहे.